आधी नवऱ्याची तपासणी

श्रोतेहो, नमस्कार.

मूल होत नाही म्हणून दवाखान्यात येणाऱ्या बाईच्या हातात बहुधा एक कॅरीबॅग असते. सोनोग्राफीचे कागद, रक्ताचे रिपोर्ट, नळ्यांचा एक्स-रे, चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. मी ते सगळं टेबलावर मांडते आणि एक कागद शोधते: नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा. पुष्कळदा तो नसतोच. विचारलं की सासूबाई पुढे होतात, "तेन्ला काय झालंय? धडधाकट हाय की!" धडधाकट माणूस तेव्हा गेटापाशी मोटारसायकलवर बसलेला असतो.

म्हणून आज आधी पुरुषांशी बोलते. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. अंगातली ताकद किंवा संबंध नीट होणं यावरून शुक्रजंतूंचा अंदाज येत नाही. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, एवढीच ही तपासणी. सुई नाही, भूल नाही. आणि तिच्याविना बाईला वर्षानुवर्षं गोळ्या-इंजेक्शनं देत राहणं हा तिच्यावर अन्याय आहे, हे मी स्पष्ट सांगते. शरीर कमवायला टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शनं घेणाऱ्या तरुणांनो, त्यानं शुक्रजंतू तयार होणंच थांबू शकतं. गुटखा-तंबाखूही त्यांना मारक. नवे शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, तेव्हा आज सोडलं तर फरक तीन महिन्यांनी दिसेल.

उपचारानं गुण येतो का? येतो, पण कारण सापडल्यावर. पीसीओडीमुळे, म्हणजे बीजकोशाच्या संप्रेरकांच्या गडबडीमुळे, अंडं वेळेवर फुटत नसेल तर लेट्रोझोलच्या साध्या गोळ्या आहेत. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात या गोळ्या जास्तीत जास्त पाच पाळ्यांपर्यंत दिल्या. शंभरातल्या साधारण सत्तावीस जणींना मूल झालं. जुन्या क्लोमिफीननं एकोणीस जणींना. आययूआयमध्ये, म्हणजे नवऱ्याचे शुक्रजंतू नळीनं थेट गर्भाशयात सोडतात त्यात, एका वेळी शंभरात दहा-पंधरा जणींना दिवस राहतात, म्हणून पहिल्या खेपेला पाळी आली की खचून जाऊ नका.

टेस्ट ट्यूब बेबीचा खर्च लाखांत जातो. त्यासाठी शेत गहाण टाकण्याआधी दोन प्रश्न विचारा. तुम्ही सांगता ते यश म्हणजे नुसती चाचणी पॉझिटिव्ह, की मूल जन्माला आलं? आणि ते कोणत्या वयाच्या बायकांचं? पस्तिशीच्या आत एका प्रयत्नात ढोबळमानानं तिघींत एकीला मूल होतं, चाळिशी ओलांडल्यावर दहांत एकीला, पुढे त्याहून कमी. वय वाढतं तशी अंड्यांची संख्या घटते, प्रत खालावते; कोणतंही औषध ती परत आणत नाही. म्हणून वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर दाखवा. बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांतच. अंगारे-धुपाऱ्यांत गेलेली तीन वर्षं तिच्या वयातूनच वजा होतात.

आपल्याकडे आणखी एक कारण विसरलं जातं: गर्भाशयाचा आणि नळ्यांचा टीबी. खोकला नसतो, ताप नसतो, नळ्या मात्र बंद होतात. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. तरी खराब झालेल्या नळ्या बहुधा मोकळ्या होत नाहीत, तेव्हा टेस्ट ट्यूबचा मार्ग उरतो.

आता बीड, परळी, केज, गेवराईकडच्या ऊसतोड कुटुंबांसाठी. अंडं कधी फुटतं हे बघायला एकाच पाळीत दोन-तीनदा सोनोग्राफी लागते. उचल घेऊन कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, कारखान्यावर गेला की ते सुटतं, आणि पुढच्या साली पुन्हा पहिल्यापासून. दोघांच्या तपासण्या दिवाळीआधी उरकून घ्या, रिपोर्टचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी परतलात की त्याच डॉक्टरांकडे त्याच फाईलवर उपचार चालू करा. मधल्या महिन्यांत पोटात दुखलं आणि कुणी गर्भाची पिशवीच काढायला सांगितलं, तर घाईनं हो म्हणू नका. अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्या. पिशवी काढल्यावर त्या बाईच्या पोटी मूल वाढवण्याचा कोणताच उपचार आमच्या हातात राहत नाही.