घरकुलाआधी जागा: वाढत्या गावाची आखणी

मंडळी, ग्रामसभेत घरकुलाचा विषय निघाला की कुणाचं नाव आलं आणि कुणाचं गळलं यावर तास जातो. यादी महत्त्वाची आहेच. पण नाव आलेला माणूस घर बांधणार कुठे, हे त्याच सभेत विचारायला हवं.

प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात घराला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार वेगळे. घर किमान 25 चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसह. आता लाभार्थ्याचं जुनं घर गावठाणात, नमुना 8 ला म्हणजे ग्रामपंचायतीच्या घर-आकारणीच्या नोंदवहीत आजोबांच्या नावावर, त्यावर हक्क चार भावांचा, त्यातला एक पुण्यात. त्याची संमती येईपर्यंत काम थांबतं. म्हणून यादी लागण्याची वाट न पाहता वारसनोंदी लावून घ्या, गरज असेल तिथे हक्कसोडपत्रं करून घ्या. ज्याला जागाच नाही, त्याच्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजना आहे. पण एकेकट्याने रानात गुंठा शोधत फिरण्यापेक्षा ग्रामपंचायतीने सलग जागा हेरावी. सुटी घरं पडली की प्रत्येकाला वेगळा रस्ता, वेगळी पाइपलाइन, वेगळा विजेचा खांब लागतो.

सलग जागा म्हटलं की गायरानाकडे बोट जातं. तिथे घाई नको. महसूल संहितेचं कलम 22-अ आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा जगपालसिंग प्रकरणातला गावाच्या सामाईक जमिनींबाबतचा निकाल, दोन्ही आडवे येतात. ठराव करून घरं उठवली तर ती उद्या अतिक्रमण ठरतात, आणि त्यात गरिबाचाच पैसा बुडतो. त्यापेक्षा गावठाणाला लागून असलेली जमीन पाहा. हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला कलम 42-ड मुळे बिनशेतीचा मार्ग सोपा झाला आहे.

समजा दोन एकर मिळाले, म्हणजे 87 हजार 120 चौरस फूट. चौथा हिस्सा रस्त्यांना, दहा टक्के मोकळी जागा, पाच टक्के टाकी, अंगणवाडी यांसाठी ठेवा. उरलेल्यात 20 बाय 30 फुटांचे कागदावर 87 प्लॉट बसतात. कोपरे आणि नाल्याचा काठ सोडून 75 धरा. प्लॉटची अरुंद बाजू रस्त्याकडे ठेवली की दर घराला रस्ता, गटार, पाइप कमी लागतात. खर्च खरा तिथे वाचतो. माणशी 55 लिटरने, घरटी पाच माणसं धरली तर रोज सुमारे 20 हजार 600 लिटर पाणी लागेल. त्यातलं बरंचसं सांडपाणी होऊन परत येणार. ते कुठे जाईल, हे प्लॉट आखण्याआधी ठरवा. उताराच्या खालच्या टोकाला जागा राखली नाही तर ते शेजारच्या शेतात शिरतं आणि भांडण कायमचं होतं.

माती तर आधी पाहायलाच हवी. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि भिंती तडकतात. तिथे मुरूम लागेपर्यंत खणायचं, जोत्याखाली मुरूम भरून दाबायचा, वर प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याचा काँक्रीटचा पट्टा, घालायचा. यात अनुदानाचा मोठा भाग पायातच जातो. म्हणून बरड, मुरमाड तुकडा घरांना द्या आणि काळं रान पिकाला ठेवा. काळ्या मातीत पाणीही जिरत नाही, त्यामुळे शोषखड्ड्याभोवती वाळूखडीचा थर लागतो. शौचालयाचे दोन खड्डे एकमेकांपासून किमान एक मीटर दूर ठेवा आणि एका वेळी एकच चालू ठेवा. चेंबरमधून दोन्ही एकदम सुरू केले की दोन्ही एकदम भरतात. मग विश्रांती घेऊन खत झालेला खड्डाच उरत नाही आणि ओला मैला उपसावा लागतो.

एमआयडीसीजवळच्या गावांत आणखी एक गरज असते, भाड्याच्या खोल्यांची. रांजणगाव, चाकणच्या आसपास कामगारांना तीच हवी असते. पुढे वरची खोली चढवता येईल असा पाया आणि जिन्याची जागा आधीच सोडली, तर घरमालकाला उत्पन्न मिळतं आणि अनधिकृत चाळींवरचा भार कमी होतो.

शेवटी जोत्याची उंची. रस्त्यावर दर दुरुस्तीला खडी पडते आणि तो वर चढत जातो. आज रस्त्याच्या पातळीला बांधलेलं घर पाच-दहा वर्षांत खड्ड्यात जातं आणि पावसाचं पाणी उंबरठा ओलांडतं. म्हणून पहिला पाया खणण्याआधी तयार रस्त्याची अंतिम पातळी दगडावर रंगवून ठेवा, आणि प्रत्येक जोतं त्या खुणेपासून दीड फूट वर घ्या.