नुसत्या दगडावर गवत कसं आलं

सर्टसी नावाचं एक काळं बेट आहे ना, ते १९६३ च्या नोव्हेंबरपर्यंत नव्हतंच. आईसलँडच्या दक्षिणेला समुद्राच्या तळाशी ज्वालामुखी फुटला, १९६७ च्या जूनपर्यंत राख आणि लाव्हा येत राहिला आणि पाण्यातून नवीकोरी जमीन वर आली. माती नाही, नुसता दगड न् राख.

ऊन मात्र पडतच होतं. पण नुसतं पडून काय उपयोग, ते पकडायला हिरवं पान पाहिजे. आणि पान तरी किती पकडतं, शंभर भाग ऊन पडलं तर जेमतेम एखाद-दोन भागांचं अन्न बनतं, मग पान अळीने खाल्लं, अळी पक्ष्याने खाल्ली की प्रत्येक टप्प्यावर ढोबळमानाने दहा टक्के ऊर्जा पुढे जाते, बाकीची जगण्यात खर्च होते आणि उष्णता होऊन निघून जाते, ती परत काही येत नाही. म्हणून तर गवत अमाप आणि शिकारी पक्षी मोजकेच.

सर्टसीवर पहिलं रोप १९६५ मध्येच किनाऱ्यावर सापडलं, बी समुद्रातून वाहत आलेलं. पुढे शेवाळ आलं, दगडफूल आलं, चार-दोन काटक रोपं तगली, पण हिरवळ काही पसरेना, कारण ऊन भरपूर असलं तरी मुळांना नायट्रोजनच मिळत नव्हता.

मग १९८६ च्या सुमारास सीगल पक्षी मोठ्या संख्येने घरटी करायला लागले, आणि इथेच खरी गंमत आहे. खाणं समुद्रातलं, विष्ठा बेटावर! त्या नायट्रोजनवाल्या खतावर गवत असं काही माजलं की घरट्यांच्या आसपास अक्षरशः कुरण तयार झालं, पाठोपाठ किडे वाढले, किडे खाणारे पक्षी आले, १९९८ मध्ये विलोचं पहिलं झुडूप सापडलं. ऊर्जा एकदाच वापरता येते, पण नायट्रोजन तसा नाही, गवत मेलं की बुरशी-जिवाणू ते कुजवतात आणि तोच नायट्रोजन पुन्हा नव्या मुळाला मिळतो.

आता त्या दाट गवतात सुरुवातीची काटक रोपं मागे पडतायत, जागा तयार झाली की दुसरंच कुणीतरी ती घेतं. आणि तिकडे लाटांनी बेटाचा जवळपास निम्मा भाग खाऊन टाकलाय. शेजारची जुनी बेटं बघितली तर उभे कडे, वर गवत आणि कड्यांवर समुद्रपक्षी, सर्टसीची वाटचाल तिकडेच चाललीय.