वाळूत दिसणारा नाद

श्रोतेहो, नमस्कार. आवाज कानांनी ऐकायचा असतो, पण चिमूटभर वाळू हाताशी असली तर तो डोळ्यांनाही दिसतो. आज त्याविषयी बोलू या.

जर्मनीतले अर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७८७ साली आपले प्रयोग ग्रंथरूपात मांडले. पितळेची पातळ तबकडी मधोमध घट्ट धरायची, तिच्यावर वाळू भुरभुरायची आणि व्हायोलिनचा गज कडेवरून ओढायचा. तबकडी गाऊ लागते, वाळू उड्या मारते आणि बघता बघता रेषारेषांत गोळा होते. कधी चांदणी उमटते, कधी जाळी. सूर बदलला की आकृती बदलते.

हे होतं कसं? कंपनाच्या लाटा तबकडीच्या कडेपर्यंत जातात आणि तिथून परत फिरतात. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात. काही जागी त्या एकमेकींना पुरत्या खोडून काढतात, ते निस्पंद. काही जागी जोर दुणावतो, ते प्रस्पंद. थरथरत्या जागेवरून वाळू हुसकली जाते आणि निस्पंदांवर विसावते. म्हणजे आपल्याला दिसतो तो तबकडीचा न हलणारा भाग. १८०९ मध्ये हा प्रयोग पाहून नेपोलियन इतका प्रभावित झाला की या आकृत्यांमागचं गणित मांडणाऱ्यासाठी बक्षीस जाहीर झालं. ते १८१६ मध्ये सोफी जर्मेन या विदुषीला मिळालं.

पण मला या कथेतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो आपल्या तबल्याचा.

नुसतं ताणलेलं गोल कातडं वाजवलं तर मूळ नादासोबत जे सहायक नाद उठतात, त्यांचं मूळ नादाशी प्रमाण येतं १.५९, २.१४, २.३० असं. हे आकडे सुरात बसत नाहीत, म्हणून साध्या ढोलाचा 'धम्' ऐकू येतो, पण त्यात षड्ज सापडत नाही. तबला आणि मृदंग मात्र सुरात लागतात. का, याचा शोध चंद्रशेखर वेंकट रामन यांनी घेतला. १९२० मध्ये त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी यावर टिपण प्रसिद्ध केलं. १९३४ मध्ये रामन यांनी ते काम विस्तारानं मांडलं. त्यांनी पुडीवर, म्हणजे तबल्याच्या तोंडावरच्या कातड्यावर, बारीक वाळू टाकली, वेगवेगळे बोल वाजवले आणि निस्पंद रेषा पाहिल्या. उत्तर शाईत, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोल थरात होतं. मधल्या त्या काळ्या वजनामुळे पुडीची नऊ मुख्य कंपनं फक्त पाच सुरांत येऊन बसतात, आणि त्या सुरांचं प्रमाण जवळजवळ १, २, ३, ४, ५ असं सरळ येतं.

'ना' हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकीच टेकते आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर पडते. त्या टेकलेल्या बोटामुळे मूळ कंपन दबतं. ज्या कंपनाची निस्पंद रेषा बोटाखालून जाते, ते मोकळं राहतं. गुरूनं शिष्याच्या हातात बसवलेली ही ठेवण भौतिकशास्त्राला तंतोतंत पटते.

आणि शाई भरणारे कारागीर! लोखंडाचा कीस आणि खळ यांचा थरावर थर, प्रत्येक थर दगडानं घोटायचा, त्याला बारीक भेगा पडू द्यायच्या, म्हणजे शाई कातड्याबरोबर लवते. समीकरण हाती नसताना, केवळ कानाच्या भरवशावर त्यांनी हे साधलं. ही विद्या विज्ञानाच्या पुस्तकात मानानं यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

घरी करून पाहायचं असेल, तर रुंद तोंडाच्या भांड्यावर पातळ प्लास्टिक ताणून बांधा, वर थोडं बारीक मीठ पसरा आणि तोंड जवळ नेऊन एकच सूर लांबवा. फुंकर मात्र मिठावर जाऊ देऊ नका. सूर हळूहळू चढवत न्या. एखाद्या सुरावर मीठ एकदम नाचू लागेल आणि रेषा उमटतील. खालच्या सुरांना आकृती साधी येते, वरच्या सुरांना रेषा दाटतात.