गाडी वीस मिनिटं थांबेल

हे निळं शटर बघा. वरची पाटी कोणीतरी काढून नेली, पण शटरवर रंगवलेलं "गरम आलूबोंडा" अजून वाचता येतं, बोंड्यातला ब तेवढा उडालाय. २०२२ पर्यंत हे शटर पहाटे चारला वर जायचं. चारला काहून, तर पुण्याहून संध्याकाळी निघालेल्या नागपूरच्या ट्रॅव्हल्स त्या टायमाला आमच्या गावात यायच्या, ड्रायव्हर डोळे चोळत उतरायचा, क्लिनर मागं जाऊन ओरडायचा गाडी वीस मिनिटं थांबेल, आन् मग शाल गुंडाळलेली, एक चप्पल सापडलेली एक न सापडलेली अशी चाळीस माणसं काकांच्या हॉटेलात. ड्रायव्हर-क्लिनरचं बिल नसायचं. ती रीतच होती, गाडी थांबायला पाहिजे तर त्यांचा नाष्टा आपल्याकडून.

गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. सिंदखेड राजा ते मेहकर या पट्ट्यात कुठंही उतरा, दुसरबीड म्हणा, बिबी म्हणा, सुलतानपूर म्हणा, हीच गोष्ट थोड्याफार फरकानं ऐकायला भेटेल. तिकडं पुढं डोणगाव, मालेगाव, शेलूबाजार, तिथंही. जुना नागपूर-संभाजीनगर रोड. आमच्या गावात या रोडला लागून सात हॉटेलं होती, दोन ढाबे, एक रसवंती, तीन पानठेले. आता हॉटेल एक आहे, तेही दुपारी दोनला बंद होतं.

आलूबोंड्याबद्दल थोडं सांगतोच, कारण पुण्यावाले याला बटाटावडा म्हणायचे आन् पाव मागायचे. काका म्हणायचे, "पाव नाई, रस्सा हाये." बोंडा प्लेटीत फोडायचा, वरून लालभडक तर्री, बारीक कांदा, सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं ते नाही. पहिला घास घेऊन लोकं सूं सूं करायचे, झोप उडायची, मग चहा मागायचे. काका म्हणतात हाच धंदा होता, आधी तिखट मग गोड.

आता हा शॉट. ड्रोन नाही आपल्याकडे, पाण्याच्या टाकीवर चढून काढलाय. खाली मोकळा दिसतोय तो जुना रोड, आन् तिकडं शेतांच्या पलीकडं जी पांढरी पट्टी दिसते ना, जिच्यावर गाड्या मुंगीसारख्या पण लय जोरात पळून राहिल्या, ती समृद्धी, मुंबई-नागपूरचा नवा महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर चालू झाली, पंतप्रधान आले होते उद्घाटनाला. पुढं टप्प्याटप्प्यानं वाढत जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर झाली. पहिल्या हप्त्यात कारवाले गेले. मग ट्रॅव्हल्स. ट्रकवाले टोल पाहून काही दिवस इकडूनच येत होते, नंतर त्यांनीही हिशोब केला, वेळ आन् डिझेल दोन्ही वाचतं तर इकडून यायचं कशाला. काका चारला उठायचेच. सवय. शटर उघडून रोडकडं बघत बसायचे, साडेसहाला दूधवाला यायचा, तोच पहिला गिऱ्हाईक.

पण याच्याआधीची गंमत कोणी सांगत नाही. ज्या रोडनं हॉटेलं बुडवली त्याच रोडनं आधी ती चालवली. समृद्धीचं काम चालू होतं तेव्हा डंपर, रोलर, परराज्यातले मजूर, साईटवरचे इंजिनियर, सगळे आमच्याच गावात खायला. २०२० च्या लॉकडाऊननं हॉटेल मेल्यात जमा होतं, २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला तो दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत, स्टँडवर काळं कुत्रं नाही, त्या सगळ्या काळात काकांना जगवलं ते साईटवाल्यांनी. रोजचे साठ डबे. काकूंनी दोन बाया लावल्या पोळ्यांना. एका पेटी ठेकेदाराचं, म्हणजे मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली काम घेणाऱ्याचं, खातं लिहून ठेवायचे, महिन्याला हिशोब. काम संपलं, ठेकेदार गेला, वही राहिली. मी मागितली तर काकूंनी पिठाच्या डब्यामागून काढून दिली. शेवटचं पान बघा, खाली बेरीज मारलेली नाही. "मारून काय करू," काकू म्हणतात, "आकडा दिसला की जेवन नाई जात."

आता राहिले कोण? पंचरवाला राहिला! मला वाटलं होतं सगळ्यात आधी तोच जाईल. पण समृद्धीवर टू-व्हीलर चालत नाही, ऑटो नाही, ट्रॅक्टर नाही, ती सगळी जनता जुन्याच रोडवर, त्यामुळं त्याचं बरं चाललंय. पानठेलेही दोन आहेत, ते गावावरच चालतात.

आन् एक ढाबेवाले भाऊ सरळ उठून इंटरचेंजजवळ गेले. तिथं समृद्धीवरून खाली उतरलं की टिनाचं शेड, चार खाटा, भाड्याची जागा, बोअरचं पाणी. समृद्धीच्या कडेला दुकान लावता येत नाही, दोन्ही बाजूनं कुंपण आहे. मी तिथं एक तास बसलो. एक ट्रकवाला हायवेवरच गाडी उभी करून तारेवरून उडी मारून आला, चहा पिला, दोन पार्सल घेतले, परत तारेवरून गेला. भाऊ म्हणे रोजचं आहे. सुरुवातीला तर एवढ्या लांब रोडवर साधं मुतायला जायची सोय धड नव्हती, ड्रायव्हर लोकं तासनतास एका स्पीडनं चालवून पेंगायचे. इकडं चहा करणारा रिकामा, तिकडं पिणाऱ्याला चहा नाही, मधात दीड किलोमीटर तूर. तिथल्या सुविधांच्या जागेत जुन्या रोडवरच्या हॉटेलवाल्यांना आधी गाळे द्यायला पाहिजे होते, हे माझं मत. काकांना म्हटलं तर हसले. "आपल्याले कोन देते बावा, तिथं डिपॉझिट मागतेत."

काका रोडला शिव्या देत नाहीत हे मात्र सांगायला पाहिजे. पोरगा वाळूजला कंपनीत आहे, पहिले घरी यायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा, आता शनिवारी सुटी झाली की दोस्ताच्या गाडीत रात्रीच्या जेवणाला घरी. मागच्या साली काकूंना रात्री दवाखान्यात न्यायचं काम पडलं तेव्हाही समृद्धीनंच नेलं. काका म्हणाले, "रोड चांगलाच हाये. फक्त आपलं गाव त्याच्यावर नाई."

शटर आता वर्षातून दोनदा उघडतं. एकदा १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला सिंदखेड राजाला जाणाऱ्या गाड्या जुन्या रोडनं येतात तेव्हा. आन् दुसऱ्यांदा आषाढीनंतर, गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून शेगावला परत निघते तेव्हा. पायी चालणारी माणसं, ती कशाला समृद्धीवर जातील. यंदा मी कॅमेरा घेऊन आदल्या रात्रीच गेलो होतो. काकांनी भट्टीतली कोळिष्टकं काढली, दोन मोठे गंज चहा ठेवला, पैसे नाही घ्यायचे. वारकरी आले, पिले, माऊली माऊली करत गेले. अर्ध्या तासात सगळं संपलं, पण काकांनी शटर खाली नाही ओढलं, बाकड्यावर बसून राहिले.

साडेपाचच्या सुमाराला एक मोटरसायकल थांबली, नवरा-बायको, मधात लेकरू. त्यानं शटरकडं बघून विचारलं, "काका, आलूबोंडा भेटंल का?"

काका उठून आत गेले, कढईकडं बघितलं, परत बाहेर आले. "आज तेल नाई टाकलं," म्हणाले. "चहा घ्या."