रमाबाई, सिस्टर जेराल्डिन आणि पुडिंगमधलं अंडं

संडे स्कूलच्या शिक्षकांपुढे बोलायला उभं राहिलं की बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय निघतोच. तुम्ही पुष्कळ जण शिक्षक होऊ नका, शिकवणाऱ्याचा न्याय अधिक कडक होणार आहे. हे वचन ऐकून कोणी वर्ग सोडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही! म्हणून आज वचनावर न बोलता एका पत्रव्यवहारावर बोलतो. पंडिता रमाबाई आणि इंग्लंडमधल्या मठात त्यांना ख्रिस्ती धर्माची वाट दाखवणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांचा हा पत्रव्यवहार १९७७ साली मुंबईत छापून निघाला. दुसऱ्याच्या विश्वासाला वाट दाखवायची म्हणजे काय, हे मला त्यातून जितकं कळलं तितकं कुठल्या प्रवचनातून कळलं नाही.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सेंट मेरी मठात राहिल्या. वय पंचविशीचं, नवरा आदल्या वर्षी गेलेला, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. त्यानंतर २९ सप्टेंबरला रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. आपल्याकडच्या कितीतरी अहवालांत गोष्ट इथे संपते. खरी गोष्ट इथून सुरू होते.

रमाबाई शाकाहारी होत्या आणि बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारीच राहिल्या. पुडिंगमध्ये अंडं असेल तर त्या खात नसत. सिस्टरना हे जातीच्या अभिमानाचं शेपूट वाटलं आणि त्यांनी तसं कळवलं. रमाबाईंचं उत्तर वाचताना आजही हसू येतं. त्यांचं म्हणणं असं की, माझा गर्व तुम्हाला पाई आणि पुडिंगांत, दूध-लोण्यात, पाण्यात नि अंड्यांत शोधायचा असेल तर खुशाल शोधा. पण एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला आली आणि तिने आपली राहणी बदलली नाही, म्हणून तिला कोणी गर्विष्ठ म्हटलं तर तिला कसं वाटेल? सिस्टर काही दुष्ट नव्हत्या. मनोरमेवर त्यांची माया होती, पोरीला लिहिताना त्या स्वतःला ‘आजीबाई’ म्हणवून घेत. माया करणाऱ्या माणसाच्या हातूनही ताटातलं अंडं विश्वासाची कसोटी होऊन बसतं. तुमच्या-माझ्या मंडळीत कुंकू, मंगळसूत्र आणि दिवाळीच्या फराळावरून काय काय होतं, ते मी सांगायला नको.

पुढचा वाद मात्र ताटाचा नव्हता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंना पटत नव्हता; तो मांडणारा चर्चचा जुना कबुलीजबाब, अथनेशियसचा मतांगीकार, त्यांच्या तोंडून निघेना. सिस्टरनी याला अहंकार म्हटलं, आज्ञाभंग म्हटलं. १८८५ च्या मे महिन्यातल्या पत्रात रमाबाईंनी लिहिलं की, भारतातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मी मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. सिस्टरच्या बाजूनेही एक सांगतो. चर्चची शिकवण मऊ करून, गाळून सांगायची नाही, हा त्यांचा आग्रह बरोबरच होता. समोरच्याला न रुचणारं वगळणारा शिक्षक मला सिस्टरपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. सिस्टरचं चुकलं ते शंकेचं उत्तर शंकेला न देता स्वभावाला दिलं, इथे.

याच काळात रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात, तिथल्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याकडे शिकत होत्या. बीलबाई सिस्टरइतक्याच कट्टर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, पण आपल्या श्रद्धेच्या मोठ्या अंधारातून त्या स्वतः नुकत्याच गेलेल्या होत्या. त्यांनी सिस्टरना समजावलं की, या बाईला ख्रिस्ती धर्म तत्त्वज्ञान म्हणून अभ्यासावा लागेल, तो तिच्या सदसद्विवेकाला पटायला हवा. आणि त्या रमाबाईंशी मुद्द्याला मुद्दा देत बोलत राहिल्या. (चेल्टनहॅमला असताना रमाबाईंनी पुरुषांना शिकवायचं म्हटल्यावर भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. माझ्या वडिलांनी नि नवऱ्यानेही कधी घेतली नाही, असा टोला रमाबाईंनी दिला.)

बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात अपुल्लोसची गोष्ट आहे. मोठा वक्ता, शास्त्रात प्रवीण, पण ज्ञान अपुरं. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला सभेत उभं करून झापलं नाही. जवळ घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. बीलबाईंनी तेच केलं. फरक एवढाच, की अपुल्लोसला लवकर पटलं आणि रमाबाईंना वेळ लागला. बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं. तो सापडला सुमारे आठ वर्षांनी, भारतात परतल्यावर. त्या दिवशी पुढ्यात ना सिस्टर होत्या, ना बीलबाई. एवढी वाट पाहायची आपली तयारी असते का? आपला दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांना विश्वासात पक्कं करण्याचा, वर्ग तर इस्टरच्या आत उरकायचा असतो.

आता रमाबाई टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतात तेव्हाचं. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. धर्माच्या बाबतीत सक्ती नाही, असा शब्द हिंदू समाजाला दिलेला होता. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. दार बंद का करत नाही, असा सवाल झाला. केसरीने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली नेल्या. रमाबाईंनी सक्ती केली नाही, हे मला मान्य आहे. आईने आपल्याच घरात दार लावून प्रार्थना करावी, असं मीही म्हणणार नाही. पण आश्रयाला आलेली, दुसरीकडे जायला जागा नसलेली बारा-चौदा वर्षांची विधवा बाईंच्या दाराशी येऊन बसते, तेव्हा ती कितपत मोकळी असते? आपल्यात गर्व शोधणाऱ्या सिस्टरना रमाबाई इंग्लंडमध्ये हेच विचारत होत्या. तुमच्यावर अवलंबून आहे म्हणून तुमचं मानायचं का?

आपल्या वसतिगृहांत आजही इतर धर्मांची मुलं राहतात. संध्याकाळच्या प्रार्थनेला हजेरी लागते का, न आलेल्या मुलाला वॉर्डन काय म्हणतात, हे प्रवेशाच्या दिवशीच पालकांना तोंडावर सांगा आणि लिहूनही द्या. आणि जे सांगाल तेच मुलांशी वागा.