मशीन टनाटन, ड्रायव्हर गायब

(दृश्य: सीताबर्डी, मोदी नंबर तीनची गल्ली. दुकानांच्या पाट्या, वायरींची भेंडोळी, काउंटरवर उघडे पडलेले लॅपटॉप.)

मे महिन्यात भरदुपारी नागपूरकर घराबाहेर पडत नाही. पडलाच, तर काम तसंच अडलेलं असतं. कोर्टाजवळ टायपिंगचं दुकान चालवणारे एक काका आज बर्डीत आलेत. काखेत जुना फ्लॅटबेड स्कॅनर. काच स्वच्छ, दिवा शाबूत, आतला पट्टाही धड. पण दुकानात नवा कॉम्प्युटर आला आणि त्या दिवसापासून स्कॅनर बंद.

काउंटरमागचा मुलगा यूएसबी लावतो, स्क्रीनकडे बघतो. "काका, मशीन टनाटन आहे न. ड्रायव्हरच भेटून नाही राहिला."

स्कॅनरच्या पोटातल्या चिपला फक्त आकडे कळतात. अमुक जागी अमुक आकडा लिहिला की मोटार एक पाऊल पुढे, दुसरीकडे दुसरा लिहिला की दिवा चालू. हे आकडे ज्या प्रोग्रॅमला ठाऊक असतात, तो ड्रायव्हर. काकांच्या स्कॅनरचा ड्रायव्हर कंपनीनं 32 बिटच्या विंडोज एक्सपीसाठी लिहिला होता. नव्या कॉम्प्युटरमधलं 64 बिटचं विंडोज तसला ड्रायव्हर चालवतच नाही. नवा लिहून देण्यात कंपनीला काही मिळायचं नाही, उलट काकांनी नवा स्कॅनर घेतला तर तिचं भलंच. आणि दुसरा कुणी लिहायला बसला, तर आकड्यांची यादी कंपनीच्या कुलपात.

(दृश्य: मुलाच्या हातातला पेन ड्राइव्ह. स्क्रीनवर लिनक्स सुरू होताना.)

मुलगा खिशातून पेन ड्राइव्ह काढतो आणि त्यावरूनच लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली, सुरू करतो, हार्ड डिस्कला हात न लावता. आधारकार्डाची झेरॉक्स काचेवर ठेवतो. कर्र आवाज होतो, प्रकाशाची पट्टी हळूहळू सरकते आणि कागद स्क्रीनवर उमटतो. सीडी नाही, डाउनलोड नाही.

"आता काहून चालला रे हा?" काकांचा प्रश्न रास्त आहे.

चालला, कारण 'सेन' नावाच्या मुक्त, म्हणजे कुणीही कोड वाचावा-बदलावा अशा, प्रकल्पात 1990च्या दशकापासून लोक स्कॅनरचे ड्रायव्हर लिहीत आलेत. काही कंपन्यांनी माहिती दिली. जिथे दिली नाही, तिथे विंडोजचा ड्रायव्हर स्कॅनरशी यूएसबीवरून काय बोलतो ते टिपून घेतलं आणि अर्थ लावला. कोड सगळ्यांसमोर असल्यामुळे तो 64 बिटसाठी नव्यानं तयार करायला कुणाची परवानगी लागली नाही. प्रत्येक स्कॅनरचं नशीब एवढं थोर नसतं, हेही खरं.

हे भांडण तसं जुनं आहे. 1980च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा, एवढी सोय तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरला करायची होती. प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, मिळाला नाही. 1983 मध्ये त्यानं मुक्त प्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत हा प्रिंटरही होता.

(दृश्य: ग्राफिक्स कार्डाचा जवळून शॉट. पंख्यावरची धूळ ब्रशनं झाडली जाते.)

पण खरी कुस्ती रंगली ती ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र काढणाऱ्या कार्डावर. अशी कार्डं बनवणारी एनव्हिडिया कंपनी लिनक्ससाठी ड्रायव्हर द्यायची, पण बंदिस्त. मग काही मंडळींनी 'नूवो' नावाचा मुक्त ड्रायव्हर लिहायला घेतला. पद्धत चिकाटीची. स्क्रीनवर एक साधी आकृती काढायची, कार्डातले आकडे आधी काय होते, नंतर काय झाले ते टिपायचं. मग एकच गोष्ट बदलायची, पुन्हा टिपायचं. ठिकठिकाणचे लोक आपापल्या कार्डांच्या अशा नोंदी पाठवत गेले. 2010 मध्ये नूवो लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, दाखल झाला. 2012 मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं, ते तर जगानं पाहिलं.

आणि 2014 च्या सुमारास नवं कुलूप आलं. एनव्हिडियाच्या जीटीएक्स 900 मालिकेपासून कार्डातलं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतच चालणारा प्रोग्रॅम, कंपनीच्या डिजिटल सहीशिवाय चालेना. नूवोला त्या कार्डाचा वेग वाढवताच येईना, सुरू होताना जो कमी वेग असतो त्यावरच ते रखडलं. पुढे मे 2022 मध्ये एनव्हिडियानं स्वतःच आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला, ट्युरिंग पिढीच्या आणि त्यानंतरच्या कार्डांसाठी. टाळ्या वाजल्या. मात्र बरंचसं काम तोवर कार्डातल्याच एका प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये गेलं होतं, आणि वरचा कूडाचा भाग, म्हणजे कार्डाकडून आकडेमोड करून घेणारा एनव्हिडियाचा संच, आजही बंदच आहे. दार उघडलं, तिजोरी आतल्या खोलीत नेऊन.

एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीनं 2007 मध्येच आपल्या कार्डांची माहिती खुली करायला सुरुवात केली होती. इंटेलचे ग्राफिक्स ड्रायव्हर तर लिनक्समध्ये बहुधा मुकाट चालतात, म्हणून त्यांच्यावर कुणी माहितीपट काढत नाही.

(दृश्य: बजाजनगर, विद्यार्थ्यांची खोली. कूलरचा आवाज. टेबलावर लॅपटॉप.)

बजाजनगरच्या या खोलीत मशीन लर्निंगचं प्रोजेक्ट सुरू आहे. इथे एनव्हिडियाचा बंदिस्त संचच लागतो, कारण सगळा कोड कूडावर उभा आहे. "उद्या सबमिशन आहे दादा, तत्त्वं नंतर पाहू," ही मुलगी म्हणते. आम्हाला तिचं चुकतंय असं वाटत नाही. फक्त कर्नेल बदललं की कर्नेलबाहेरचा असा ड्रायव्हर त्याच्यासाठी पुन्हा बांधावा लागतो, आणि ते काम फसलं तर स्क्रीन काळी. सबमिशनच्या आदल्या रात्री अपडेट करू नये, एवढं ती शिकलीय.

मुक्त ड्रायव्हरही अमर नसतो. 2019 मध्ये लिनक्सचा फ्लॉपी ड्रायव्हर अनाथ म्हणून नोंदवला गेला, कारण तो सांभाळणाऱ्याकडे चालू स्थितीतली फ्लॉपी ड्राइव्हच उरली नव्हती. नंतर दुसऱ्यानं तो सांभाळायला घेतला. कंपनीच्या कपाटातल्या ड्रायव्हरला ही सोय नाही.

(दृश्य: पुन्हा बर्डी, संध्याकाळ. जुन्या लॅपटॉपची थप्पी.)

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित सपोर्ट संपला, आणि विंडोज 11 ला जुने प्रोसेसर चालत नाहीत. ऑफिसांमधून निघालेल्या अशा लॅपटॉपमध्ये जीव भरपूर असतो. एक गिऱ्हाईक पैसे देण्याआधी स्वतःचा पेन ड्राइव्ह लावतो. आवाज येतो, कॅमेरा दिसतो, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागी होते. वायफायच्या यादीत मात्र एकही नाव नाही.

"कार्डाचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये नाही, भाऊ," दुकानदार मागचे स्क्रू काढत म्हणतो. "इंटेलचं टाकून देतो. तीनशे लागतील."

"दोनशे."

"अडीचशे. अँटेनाची वायर लावून."