कवठाची जेली आणि आमचे दाजी

नमस्कार श्रोतेहो. महाशिवरात्र जवळ आली की परळीला, औंढ्याला, अंबाजोगाईला बाजारात कवठांचे ढीग लागतात. आपण एखादं घेतो, देवापुढं ठेवतो, उरलेल्याची गूळ घालून चटणी करतो, की झालं. आज त्याची जेली करू या.

जेलीत खरा मान बिहीच्या फळाचा. ते आपल्याकडं पिकत नाही, काश्मिरात पिकतं. अत्ताराकडं खोकल्यासाठी बिहीदाणा मिळतो ना, भिजवला की बुळबुळीत होणारा, तो त्याच फळाच्या बिया. कच्चं खाल्लं तर तुरटपणानं तोंड आवळतं, पण शिजवलं की तांबूस होतं आणि जेली कशी घट्ट बसते. का बसते? जेलीला तीन गोष्टी लागतात: पेक्टिन, आंबटपणा आणि साखर. परत सांगते. पेक्टिन, आंबटपणा, साखर. पहिल्या दोन कवठात भरपूर आहेत, तिसरी आपल्या डब्यात आहे.

आमच्या अंबाजोगाईच्या मावशीला हे पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. तिचं लहानपण हैदराबादला गेलं, निजामाच्या राज्यात. शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडं काश्मीरहून बिही यायची, तिची जेली मावशीनं तिथं चाखली. लग्न होऊन अंबाजोगाईला आल्यावर तिनं माणूस धाडला बाजारात, "बिही आण" म्हणून. त्यानं आणली बिहीदाण्याची पुडी! मावशी म्हणाली, "राहू दे. आपल्या बांधावर कवठ हाय की." तेव्हापासून तिच्या घरी दरवर्षी कवठाची जेली. बांधावरची कवठं आता किती राहिलीत, ते मोजायला गेलं तर रडू येईल. नातवंडांना किवी ओळखता येतं, कवठ नाही. असो.

तर कवठं घ्यायची ती निम्मी पिकलेली आणि निम्मी जरा कच्चट, कारण फार पिकलं की पेक्टिन कमी होतं. फूटभर उंचीवरून जमिनीवर टाकून बघा. उसळलं तर कच्चं, धप्पदिशी बसलं तर पिकलं. फोडून गर काढा, बुडेल एवढं पाणी घाला, स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. मिक्सरमध्ये फिरवू नका, बिया वाटल्या जातात. मग सुती फडक्यात बांधून रात्रभर टांगायचं, खाली पातेलं. आणि श्रोतेहो, फडकं पिळायचं नाही. काही झालं तरी पिळायचं नाही.

का, ते आमच्या दाजींना विचारा.

मावशीच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं आणि पहिल्या महाशिवरात्रीला जावई सासुरवाडीला आले. रेल्वेत नोकरी, नांदेडचे, बोलायला गोड, खायला त्याहून गोड. मावशीनं दुपारीच कवठं शिजवली होती आणि संध्याकाळी माळवदाच्या कडीला मोठं गाठोडं बांधलं होतं. पांढरंशुभ्र फडकं, खाली पितळेचं कल्हईचं पातेलं, टप-टप आवाज. (हल्ली स्लॅबच्या घरात एक कडी नाही की खुंटी नाही. बांधणाऱ्याला सांगितलं तर तो हसतो. चक्का काय पंख्याला टांगायचा?)

रात्री दाजी पाणी प्यायला उठले. कंदिलाच्या उजेडात त्यांना गाठोडं दिसलं आणि सासूबाईंचा बेत एका क्षणात कळला: चक्का! म्हणजे उद्या उपवास सुटला की श्रीखंड! जावयाला काय आनंद झाला असेल. पण थेंब फारच सावकाश पडत होते. दाजींना वाटलं, सासूबाई एवढ्या खपतायत, आपण थोडा हातभार लावू. दोन्ही हातांनी त्यांनी ते गाठोडं असं पिळलं, असं पिळलं, की पातेल्यात धारच लागली. वर जाताजाता पाट्यावरचा वरवंटा आणून त्यावर ठेवायचा विचार केला म्हणे, पण ठेवणार कशावर, गाठोडं तर हवेत!

सकाळी मावशीनं पातेलं पाहिलं. रस गढूळ, चिखलाच्या रंगाचा. तिनं मांजराला शिव्या दिल्या, धाकट्या मामाकडं बघितलं, मोलकरणीला विचारलं. कुणी काही बोलेना. दाजी अंघोळ करून पाटावर येऊन बसले आणि पुऱ्या आल्या तसे म्हणाले, "आई, चक्का मी रात्रीच पिळून ठेवलाय. आता साखरच घोटायची राहिली."

स्वयंपाकघरात सगळ्या बायका पदर तोंडात धरून भिंतीकडं वळल्या. जावयाला कोण बोलणार! मावशी शांतपणे म्हणाली, "लई बरं केलंत बापू." आणि तिनं तो गढूळ रस तसाच साखर घालून आटवला. जेली बसली, बरं का. पिळलं म्हणून बसायची राहत नाही, फक्त पारदर्शकपणा जातो, कारण गराचे बारीक कण रसात उतरतात. दाजींना ती पुरीबरोबर वाढली. त्यांनी तीन वेळा मागून घेतली आणि निघताना विचारलं, "हे श्रीखंड तांबडं कसं झालं?" पुढं वर्षानुवर्षं गाठोडं टांगलं की मावशी ओरडायची, "दाजी आलेत का रे? दार लावा!"

तर, पिळायचं नाही. आता उरलेलं झटपट सांगते. एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर. फार आंबट लागला तर वाटीला वाटी. लिंबू कवठाला नको, पेरूची करत असाल तर मात्र पिळा. दोन-तीन वाट्याच रस एकावेळी घ्या, मोठ्या आचेवर भराभर उकळा, फेस काढत राहा. जास्त वेळ आटवत बसलात तर पेक्टिन मोडतं आणि जेलीऐवजी पाक हाती येतो. चमच्यातून सोडल्यावर शेवटचे दोन थेंब एकत्र होऊन पडद्यासारखे सुटले, की झाली. खात्री नसेल तर गार बशीवर थेंब टाका, बोटानं ढकला, सुरकुती पडली पाहिजे. उष्णतामापक असेल तर पाण्याच्या उकळीपेक्षा चार-पाच अंश वर. तयार जेलीत साधारण ६५ टक्के साखर असते, म्हणून ती टिकते. कोरड्या, गरम केलेल्या बरण्यांत गरम असतानाच भरा. बाजारची लालभडक जेली पाहून आपल्या जेलीत रंग घालू नका, कवठाचा मूळचा तांबूस रंगच छान.

दुसऱ्या दिवशीही पातळच वाटली तर पातेल्यात काढून पुन्हा एक उकळी द्या. आणि फडक्यातला चोथा टाकू नका. हातानं बिया, दोरे काढा, गूळ, जिरं, तिखट, मीठ घालून वाटा, भाकरीबरोबर चटणी झाली. तो चोथा मात्र मनसोक्त पिळा.